स्टिअरिंगचा निरोप

मोटारीचं स्टिअरिंग हातात धरून आपण काय करतो? गाडी वळवतो. बरोबर, पण हे अर्धंच उत्तर झालं. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या वळणावर गाडी चालवलेल्या माणसाला उरलेलं अर्धं ठाऊक असतं, फक्त त्याने ते कधी शब्दांत मांडलेलं नसतं. पुढची चाकं रस्ता सोडायच्या बेतात असली की स्टिअरिंग किंचित हलकं लागतं. डोळ्यांना अजून काही दिसलेलं नसतं, पोटात गोळाही आलेला नसतो, पण हात आधीच सावध होतात. म्हणजे स्टिअरिंग हे नुसतं हुकूम सोडायचं साधन नाही. त्यातून निरोपही येतो. (हल्लीच्या गाड्यांच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये हा निरोप इतका दबलेला असतो की लोण्यात सुरी फिरवल्यासारखं वाटतं. जुनी मारुती ८०० चालवलेले लोक माझ्याशी सहमत होतील.)

हे डोक्यात यायला निमित्त झालं भाच्याचं. नोकरी लागल्यापासून दीड वर्ष त्याने पैसे साठवले आणि आता त्याला सिम रेसिंगसाठी 'डायरेक्ट ड्राइव्ह' व्हील बेस घ्यायचाय. घरातल्या ज्येष्ठांसाठी खुलासा: सिम रेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्या शर्यतीचं गणित मांडून गाडी चालवणं, आणि व्हील बेस म्हणजे टेबलावर बसवायची मोटर, जिच्या दांड्यावर स्टिअरिंगची रिंग लागते. ताईचा फोन आला, "तू जन्मभर मोटरींमध्येच घालवलास ना, मग सांग त्याला. एवढे पैसे खेळण्यात घालतात का कुणी?" त्याच संध्याकाळी भाच्याचा मेसेज, "मामा, पंचवीस न्यूटन-मीटरचा घेऊ की आठचा?"

भोसरीच्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं सीएनसी मशीनच्या सर्व्हो मोटरी बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात काढली, त्यामुळे हा माझा प्रांत आहे असं घरात मानलं जातं. दोघांना एकच उत्तर द्यावं म्हणून वाचायला बसलो आणि भलतीकडेच पोचलो. पार अणुभट्टीत.

झालं असं की, लांबच्या वस्तूचा स्पर्श हातापर्यंत कसा आणायचा हा प्रश्न मुळात खेळवाल्यांचा नव्हताच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे होते. मध्ये जाड भिंत, जाड काच, पलीकडे तो पदार्थ. रेमंड गर्ट्झ नावाच्या इंजिनियरने १९४० च्या दशकाच्या शेवटी असे यांत्रिक हात बनवले की अलीकडे माणूस जसा हात हलवेल तसा पलीकडचा चिमटा हलेल. दोन्ही टोकं यंत्राने जोडलेली असल्यामुळे पलीकडे चिमटा कशाला टेकला तर अलीकडे हाताला आपसूक कळायचं. पुढे अंतर वाढवायचं म्हणून मधला यांत्रिक सांधा काढून विजेची तार आणायची ठरली, आणि तिथे अडचण झाली. तारेतून हुकूम जातो, पण स्पर्श परत येत नाही. काचेची बाटली धरायची म्हटली तर ती निसटते तरी किंवा फुटते तरी. गर्ट्झने १९५४ च्या सुमाराला दोन्ही टोकांना मोटरी लावल्या. पलीकडच्या हाताला जेवढा जोर लागेल त्या प्रमाणात अलीकडची मोटर माणसाच्या हाताला उलटा जोर देणार. आज भाच्याच्या टेबलावर येऊ घातलेल्या यंत्राचा हा थेट पणजोबा. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही जाड भिंतीपलीकडचं काम अशाच जातीच्या हातांनी चालतं.

पुढची पायरी जास्त गमतीची आहे. पलीकडे खरी वस्तूच नसली तर? नुसतं गणित असलं तर? फ्रेड ब्रुक्स यांचं नाव सॉफ्टवेअरवाल्या वाचकांना माहीत असेलच. आयबीएमच्या सिस्टिम ३६० चे हे सूत्रधार पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९६७ पासून त्यांनी 'ग्रोप' नावाचा प्रकल्प चालवला. आर्गॉनच्याच जातीचा यांत्रिक हात त्यांनी मिळवला आणि कॉम्प्युटरला जोडला. आता भिंतीपलीकडे किरणोत्सारी पदार्थाच्या जागी कॉम्प्युटरने कल्पिलेले ठोकळे होते, आणि बोटांना ते लागत होते! ब्रुक्सना खरं तर रेणू चाचपायचे होते, म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कुठे बसतो ते हाताने शोधायचं होतं. त्यासाठी कॉम्प्युटर फार हळू पडले, तेव्हा त्यांनी काम सरळ बासनात बांधून ठेवलं, आणि यंत्रं वेगवान झाल्यावर ऐंशीच्या दशकात पुन्हा काढलं. हा धीर मला फार आवडतो.

१९९० साली याच विषयावर एक शोधनिबंध आला. पडद्यावरचा सँडपेपर जॉयस्टिकला खरखरीत कसा लागेल, असा त्याचा मामला. लेखकांत मार्गारेट मिन्स्की आहेत, फ्रेड ब्रुक्स आहेत आणि मॅक्स बेहेन्स्की हे नावही आहे. हे बेहेन्स्की अटारीचे, व्हिडिओ गेमवाले. म्हणजे अणुभट्टीतून निघालेली वाट विद्यापीठातून गेमच्या दुकानात शिरली ती इथे.

अटारीने १९७४ मध्येच 'ग्रॅन ट्रॅक १०' या गेमला स्टिअरिंग लावलं होतं, पण ते मुकं. फिरवायचं आणि बघायचं. १९८९ मध्ये 'हार्ड ड्रायव्हिन' आला. किल्ली, क्लच, चार गिअर, आणि पहिल्यांदाच नीट बोलणारं स्टिअरिंग. बेहेन्स्की त्या चमूत होतेच, पण गाडीचं गणित बरोबर यावं म्हणून त्यांनी डग मिलिकन यांचा सल्ला घेतला. डगचे वडील बिल मिलिकन यांनी बफेलोच्या कॉर्नेल एअरोनॉटिकल लॅबोरेटरीत आधी विमानांचं आणि मग मोटारींचं वागणं मोजण्यात हयात घालवली होती. पुढे १९९५ मध्ये या बापलेकांनी मिळून 'रेस कार व्हेइकल डायनॅमिक्स' हा ग्रंथ लिहिला, जो शर्यतीच्या इंजिनियरांच्या टेबलावर आजही असतो. दुकानात नाणं टाकून खेळायच्या यंत्रासाठी असा माणूस बोलावणं... मला वाटतं, खेळणं आणि अवजार यांच्यातली रेघ तिथेच पुसली गेली.

या गणितात नेमकं काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण भाच्याचं उत्तर यातच आहे. टायर रस्त्याला तळहाताएवढ्या जागेत टेकतो. वळताना रस्ता टायरला बाजूने ढकलतो, पण तो जोर त्या ठशाच्या बरोबर मध्यावर लागत नाही, जरा मागे लागतो. या 'जरा मागे'मुळेच चाकाला सरळ व्हावंसं वाटतं आणि ती ओढ आपल्या हाताला लागते. वळण जास्त तीव्र झालं की ठशाचा मागचा भाग आधी घसरायला लागतो आणि जोराची जागा मध्याकडे सरकते. ओढ कमी होते. बाजूचा जोर तेव्हाही वाढतच असतो, पकड अजून शिल्लक असते, पण स्टिअरिंग हलकं पडायला लागतं. म्हणजे हा निरोप घसरण्याच्या आधी येतो. जो ड्रायव्हर तो वाचतो तो कडेवर चालतो, आणि ज्याला कळत नाही तो गवतात जातो. आता हे हलकं पडणं काही धाडकन होत नाही. आठच्या जागी सात, सातच्या जागी साडेसहा, असं ते उतरत जातं. ते हाताला कळायला हवं.

घरात ही चाकं आली १९९७-९८ च्या सुमाराला. मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स ५ मध्ये या उलट्या जोराची सोय केली, मग त्यांचं साइडवाइंडर आलं, लॉजिटेकचं विंगमॅन आलं. २००६ च्या लॉजिटेक जी२५ ने तर एक पिढी घडवली: दोन छोट्या मोटरी, तिरप्या दात्यांचे गिअर, अडीच फेरे फिरणारी रिंग. छोटी मोटर स्वस्त पडते पण तिच्यात जोर नसतो, म्हणून गिअर लावून जोर वाढवायचा. साधा हिशेब. मात्र गिअर फक्त जोर वाढवत नाही, तो घर्षणही वाढवतो. मोटरच्या रोटरचं जडत्व तर हाताला गिअरच्या पटीच्या वर्गाने लागतं, दहाची पट असेल तर शंभरपट. शिवाय दात्यांमध्ये प्ले आलाच. आठचे साडेसात झाले ही बातमी या गर्दीतून हातापर्यंत पोचेल कशी? नंतर पट्ट्याची चाकं आली, थ्रस्टमास्टर आणि फॅनाटेकची. प्ले गेला, खडखड गेली, पण पट्टा म्हणजे रबर. तो निरोप पोचवतो, पण जरा गिळून. आईच्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा आठवा, पायटा मारल्यावर चाक फिरायच्या आधी क्षणभर ओढ घ्यायचा.

मग मधलं सगळं काढूनच टाकलं तर? मोटरच्या दांड्यावरच रिंग. यालाच डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात, आणि हीसुद्धा उसनी कल्पना आहे. १९७० च्या आसपास मात्सुशिताने टेक्निक्सच्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये पट्टा काढून तबकडी थेट मोटरवर बसवली होती. १९८१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात हारुहिको आसादा आणि ताकेओ कानादे यांनी गिअर नसलेला रोबोटचा हात बनवला. गिअरशिवाय जोर आणायचा तर चुंबक जबरदस्त हवेत. त्यांच्याकडे होते समेरियम-कोबाल्टचे, महागडे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे निओडिमियमचे चुंबक जाहीर केले. कारखान्यातल्या सर्व्हो मोटरी पुढे याच चुंबकांनी आटोपशीर आणि परवडण्याजोग्या झाल्या. माझी रोजीरोटीही त्यांच्यावरच चालली.

म्हणूनच पुढचा भाग वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. ब्रिटनमध्ये लिओ बोडनार यांनी थेट मोटरवरची स्टिअरिंगं आधीच बनवली होती, पण ती सामान्य माणसाच्या खिशाबाहेरची. तेव्हा २०१० च्या दशकात हौशी मंडळींनी 'ओपन सिम व्हील' नावाचा प्रकार सुरू केला. चीनची मिगे कंपनीची सर्व्हो मोटर, फिनलंडच्या ग्रॅनाइट डिव्हाइसेसचा ड्राइव्ह, एक स्वस्तातलं एसटीएम३२ चं बोर्ड, त्यात एमएमओएस नावाचं फर्मवेअर. जोडा, लावा, चालवा. त्या मोटरचा फोटो बघितला आणि हसूच आलं. १३० मिलिमीटरची चौकोनी फ्लॅन्ज, कायमचा जोर १० न्यूटन-मीटर, क्षणिक २०. अहो, या जातीची मोटर मी लेथच्या अ‍ॅक्सिसवर शेकड्यांनी बसवली आहे! तीच मोटर, फक्त बॉलस्क्रूच्या जागी माणसाचा हात.

तिथून पुढचा इतिहास भराभर झाला. ग्रॅनाइटवाल्यांनी स्वतःच सिम्युक्यूब काढलं, २०१९ च्या दुसऱ्या पिढीत १७, २५ आणि ३२ न्यूटन-मीटरचे तीन नमुने. फॅनाटेकचे पोडियम बेस २०१८ मध्ये जाहीर झाले. २०२१ मध्ये त्यांनीच सीएसएल डीडी हा ५ न्यूटन-मीटरचा छोटा बेस साडेतीनशे युरोच्या आसपास आणला (रिंग आणि पेडल वेगळी), आणि बाजार उलटापालटा झाला. शेन्झेनची मोझा आली, २०२२ मध्ये लॉजिटेक आणि थ्रस्टमास्टरलाही गिअर-पट्टा सोडून यावं लागलं. आता नवशिक्याच्या आवाक्यातही डायरेक्ट ड्राइव्ह आहे, त्यामुळे 'घ्यावा का' हा प्रश्न मागे पडून 'किती जोराचा' एवढाच उरलाय.

तर, पंचवीस की आठ?

आधी हिशेब. तीस सेंटिमीटर व्यासाची रिंग धरली तर २५ न्यूटन-मीटर म्हणजे रिंगच्या कडेवर साधारण सतरा किलोची ओढ. आठ म्हणजे साडेपाच किलो. जुन्या गिअरवाल्या चाकांचे दोन-सव्वादोन न्यूटन-मीटर म्हणजे जेमतेम दीड किलो. आपण शहरात पॉवर स्टिअरिंगची गाडी चालवतो तेव्हा क्वचितच तीन-चार न्यूटन-मीटरच्या वर जातो. इंडीकारसारख्या पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांची गोष्ट निराळी, ते ड्रायव्हर खांदे घडवूनच येतात.

पण मोठा बेस जोरासाठी घ्यायचाच नसतो, तो जागेसाठी घ्यायचा असतो. गणपतीत मंडपातला स्पीकर फाटतो तेव्हा काय होतं? अ‍ॅम्प्लिफायरची कमाल मर्यादा ओलांडली जाते आणि त्यापुढचं सगळं सपाट होतं. ढोल काय नि ताशा काय, एकच भसाडा आवाज. बेसचंही तसंच. गेमने सांगितलं नऊ आणि बेस देऊ शकतो पाच, तर हाताला पाच. गेमने सांगितलं सात, तरी पाच. म्हणजे नऊचे सात झाले, टायरने निरोप पाठवला, आणि तो छताला अडकून राहिला. छोट्या बेसवर हे टाळायचं तर सगळाच जोर कमी करून खेळायचा. ते चालतं, फक्त बारकावे पुसट होतात. मोठ्या बेसवर मर्यादेच्या निम्म्यात खेळायचं, म्हणजे छत डोक्याला लागत नाही. त्यामुळे पंचवीस विकत घेणारे पुष्कळ लोक दहा-बारावरच चालवतात, आणि त्यात वेडेपणा नाही.

दुसरं, जाहिरातीतला आकडा. सर्व्होला दोन आकडे असतात, क्षणिक आणि कायमचा. जोर म्हणजे करंट, करंट म्हणजे उष्णता. तासाभराच्या शर्यतीत मोटर तापली की काही बेस स्वतःला वाचवायला जोर उतरवतात. कायमचा आकडा लिहिला नसेल तर विचारायचा, आणि उत्तर मिळालं नाही तर काय ते समजायचं.

तिसरं, आणि हे मी भाच्याला फोन करून सांगितलं, लिहून नाही. मी जिथे काम करायचो तिथे एकदा एन्कोडरची केबल सैल झाली आणि मोटर आपली आपण सुटली. एका सहकाऱ्याचा हात कपलिंगजवळ होता. मनगटाला प्लास्टर लागलं, ते मी पाहिलंय. सतरा किलोची ओढ लेथला काहीच नाही, पण रिंगच्या आऱ्यात अडकलेल्या अंगठ्याला ती पुष्कळ होते. गाडी भिंतीवर आदळायला लागली की रिंग सोडायची, धरून ठेवायची नाही. अंगठे आत गुंडाळायचे नाहीत. मोठ्या बेसबरोबर लाल इमर्जन्सी बटण येतं, ते पायाशी किंवा गुडघ्याशी बसवायचं, टेबलामागे लोंबकळत ठेवायचं नाही. आणि टेबलाचं म्हणाल तर आठ-नऊच्या पुढे घरातलं टेबल करकरतं, मग फ्रेम लागते. अ‍ॅल्युमिनियमचे ४० मिलिमीटरचे प्रोफाइल आणा, नाहीतर ओळखीच्या वेल्डरकडून चौकोनी पाइपची करून घ्या, पण हललं नाही पाहिजे. फ्रेम वाकली तर गिअर काढून वाचवलेला निरोप तिथे सांडला.

चौथं, कंपनीच्या कुंपणाचं. प्लेस्टेशनवर खेळायचं तर त्यांच्या परवान्याचाच बेस लागतो, पीसीवर तसं बंधन नाही. प्रत्येकाच्या रिंगा, पेडलं आपापल्या घरची. फॅनाटेकची मूळ कंपनी एंडॉर २०२४ मध्ये आर्थिक गाळात रुतली आणि त्याच वर्षी कॉर्सेअरने ती घेतली. उद्या कोण कुठे असेल सांगता येत नाही. म्हणून शक्यतो असा बेस बघावा ज्याला खऱ्या रेसिंग गाडीची, ७० मिलिमीटर वर्तुळावर सहा बोल्टची रिंग लावता येईल. बोल्ट कंपनीपेक्षा जास्त टिकतात.

ताईला मी सांगितलं, खेळणं आहेच, नाही कशाला म्हणू. पण याच्यात गर्ट्झचा हात आहे, ब्रुक्सचा धीर आहे, मिलिकनचा टायर आहे आणि आमच्या शॉपमधली मोटर आहे. पोरगं हे हाताने शिकणार असेल तर माझी ना नाही. ती म्हणाली, "म्हणजे तूही त्याच्याच बाजूचा." आता यावर काय बोलणार?

भाच्याने शेवटी बारा न्यूटन-मीटरचा घेतला. पंचवीसच्या हिशेबातून जे वाचलं त्यातले काही फ्रेमला गेले आणि उरलेल्यांचा माझ्या सांगण्यावरून लोड सेलचा ब्रेक आला. कारण साधं ब्रेक पेडल मोजतं ते पाय किती खाली गेला, आणि खऱ्या गाडीत पाय मोजतो तो दाब. लोड सेल दाब मोजतो. आपल्या भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो ना, तोच.